वावरातला पीएलसी गावच्या वायरमनला वाचता आला पाहिजे



ठिबकाचे व्हॉल्व अन् विहिरीवरची मोटर आपोआप चालवायची हौस आता बऱ्याच जणांना लागली आहे. हौस चांगलीच आहे. रात्रीची लाईन असली की सापाविंचवातून वावरात जायचं, एक व्हॉल्व उघडायचा, दुसरा बंद करायचा, हे कोणाला आवडते? पण ‘कोणता कंट्रोलर घेऊ’ असं विचारलं की लोकं थेट कंपनी अन् किंमत सांगतात. माझं मत असं की आपल्या गावचा वायरमन जो वाचू शकतो, तोच पीएलसी घ्यावा. बाकीचे गुण त्याच्यानंतर.

पीएलसी म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर. एका बाजूने खबर येते ते इनपुट, दुसऱ्या बाजूने हुकूम जातो ते आउटपुट. हा आला कसा, ते पाहा. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेले मोठमोठे पॅनल नकोसे झाले होते. मॉडेल बदललं की सारं वायरिंग नव्याने करावं लागे. त्यातून डिक मोर्ली अन् त्याच्या साथीदारांचा ‘मॉडिकॉन ०८४’ निघाला. त्याचा प्रोग्राम शिडीसारख्या चित्रात लिहायचा, म्हणून त्याला लॅडर म्हणतात. कारखान्यातल्या वायरमनला रिलेचं चित्र वाचता येत होतं, म्हणून प्रोग्रामही तसाच ठेवला. आपल्या स्टार्टरचं कंट्रोल वायरिंग ज्याला कळते, त्याला लॅडर चार दिवसांत कळू शकते.

दुकानात जायच्या आधी वावरात बसून मोजा. समजा ठिबकाचे चार प्लॉट आहेत. विहिरीतला फ्लोट, तिन्ही फेज ठीक आहेत का सांगणारा रिले, पाईपवरचा प्रेशर स्विच अन् मॅन्युअल-ऑटो स्विच, हे झाले चार इनपुट. मोटर एक, व्हॉल्व चार, भोंगा एक, हे झाले सहा आउटपुट. डेल्टाच्या डीव्हीपी-१४एसएस२ मध्ये आठ इनपुट अन् सहा आउटपुट असतात, म्हणजे काम बसते पण जागा उरत नाही. सीमेन्सच्या लोगोच्या मूळ डब्यात आठ इनपुट अन् चार आउटपुट असतात, तिथे जोड-मॉड्यूल पहिल्याच दिवशी लागते. पण लोगोचा प्रोग्राम पडदा असलेल्या डब्याच्या बटनांवरूनच बदलता येतो, लॅपटॉप वावरात न्यावा लागत नाही. डेल्टाला लॅपटॉप अन् केबल लागते, सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळते.

आउटपुट रिलेचंच मागा. ठिबकाचे बरेच व्हॉल्व २४ व्होल्ट एसीचे असतात अन् ट्रान्झिस्टर आउटपुट फक्त डीसीवर चालते. पाच एचपीच्या मोटरचा स्टार्टर थेट पीएलसीला जोडू नका. बऱ्याच स्टार्टरची कॉईल ४१५ व्होल्टची असते, मध्ये तेवढं व्होल्टेज सोसणारा छोटा कॉन्टॅक्टर द्या. ओव्हरलोड रिले अन् सिंगल फेज प्रिव्हेंटर तारेनेच जोडलेले राहू द्या. पीएलसी बंद पडला तरी मोटर वाचली पाहिजे.

आता लाईनची गोष्ट. लाईन कधी जाईल ते सांगता येत नाही. दुसऱ्या प्लॉटला अर्धं पाणी झालं अन् लाईन गेली, तर परत आल्यावर मोजणी तिथूनच पुढे चालली पाहिजे. नाहीतर पहिला प्लॉट दोनदा भिजतो अन् शेवटच्या प्लॉटातली पराटी ऐन बोंडावर कोरडी राहते. पीएलसीत अशी लक्षात ठेवणारी मेमरी असते, फक्त टायमर त्या मेमरीत ठेवला आहे का ते विचारून घ्या.

दुसरं म्हणजे ऑटो स्विच. लाईन आली की डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम उठतात अन् ट्रान्सफॉर्मर बसतो. महावितरण म्हणूनच ऑटो स्विच काढा अन् कॅपॅसिटर लावा म्हणते. पीएलसीत ‘लाईन आल्यावर इतके मिनिटं थांब’ एवढी एक ओळ टाकता येते. डीपीवरच्या भावांनी बसून कोणी दोन मिनिटं, कोणी चार, कोणी सहा असं वाटून घेतलं तर डीपी साऱ्यांचाच वाचेल.

काही जण म्हणतील, आर्डुइनो किती स्वस्त पडते! शिकायला ते उत्तमच, घरातल्या पोरांना जरूर द्या. पण आर्डुइनो उनोत कायम लक्षात ठेवायच्या जागेवर लिहिण्याची हमी एक लाख वेळांची आहे. दर सेकंदाला एकाच जागी लिहाल तर अठ्ठावीस तासांत ती हमी संपते. ते टाळता येते, पण टाळायचं कसं ते प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरालाच माहीत. तो पोरगा उद्या पुण्याला नोकरीवर गेला की त्याने लिहिलेलं वाचणार कोण?

हाच धोका पीएलसीतही आहे. बसवून देणारा प्रोग्रामला पासवर्ड टाकून जातो, मग एक टायमर बदलायलाही त्यालाच बोलवा. म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: पासवर्ड, प्रोग्रामची फाईल अन् लॅडरचा छापील कागद. कागद प्लास्टिकमध्ये घालून पेटीच्या दारावर आतून चिकटवा. पेटी सावलीत ठेवा. बहुतेक पीएलसी ५५ अंशांपर्यंतच चालतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होते, उन्हातल्या लोखंडी पेटीत किती होत असेल ते हात लावून पाहा. विजांचा काळ सुरू व्हायच्या आधी अर्थिंग अन् सर्ज प्रोटेक्टर तपासा.

हा विचार वर्ध्याच्या माणसाला नवा नसावा. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी अशा की किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, यंत्र वीस वर्षं चाललं पाहिजे अन् वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जायला नको. सूत किती निघते ते विचारलंच होतं, पण मोडलं तर काय, हेही तिथेच विचारलं होतं.

पीएलसीलाही तेच विचारा. कोटेशन घेऊन आलेल्या माणसासमोर आपल्या वायरमनला बसवा अन् लॅडरचा कागद त्याच्या हातात द्या. पाण्याचा व्हॉल्व कोणत्या ओळीवर उघडतो, हे त्याने बोट ठेवून दाखवलं तर सौदा करा. नाही दाखवता आलं, तर त्याला शिकवायचा खर्चही त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.