मास्तरकी सोडली, पावतीपुस्तक घेतले



गोष्ट २०२३ सालची. रविवारची वंदना आटोपून मी विहाराचा जमाखर्च लिहीत बसलो होतो. आमच्या वस्तीतले आप्पा आले. महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. एरवी लांबूनच "काय साहेब" म्हणून हाक मारतात, त्या दिवशी गुपचूप समोर येऊन बसले. मग म्हणाले, "तुमचं तो ऐकतो. त्याला सांगा, राजीनामा परत घे म्हणावं."

तो म्हणजे त्यांचा थोरला मुलगा. भूगोलाचा शिक्षक, आमच्या वस्तीतला पहिला मास्तर. बारा वर्षे शिकवल्यावर नोकरी सोडून त्याने यात्रा-सहलींचे काम धरायचे ठरवले होते. "मी झाडू मारला, पोराच्या हातात खडू दिला. आता तो लोकांची तिकिटं काढत हिंडणार?" आप्पांचा आवाज कापत होता. मला उत्तर देता येईना, कारण राजीनाम्याचा मसुदा मीच लिहून दिला होता.

आप्पांचे दुःख मला कळत होते. आपल्यात मास्तर होणे म्हणजे नुसती नोकरी नव्हे. लग्नात, बारशात, जयंतीच्या मंचावर "सर या, सर बसा" होते. तो मान पगारात धरायचा असतो, असे संस्थाचालकही समजतात! सरांची शाळा विनाअनुदानित. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, हा प्रकार वाचकांना नवा नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर पगारच थांबला. आप्पांना पेन्शन आहे. मुलाच्या वाट्याला ती येणार नव्हती.

सहलींचे खूळ आधीचे. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत महिला मंडळाला बोधगया, सारनाथ करायचे होते. सरांनी सगळे जुळवले. शाळेच्या नकाशावर ज्या गावांवर बारा वर्षांत शेकडो वेळा छडी ठेवली असेल, त्यांपैकी एकही गाव त्यांनी तोवर पाहिले नव्हते. गाडी वाराणसीला पोचली, तिथून दहाएक किलोमीटरवर सारनाथ. नेमका शुक्रवार. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. आपल्या राजमुद्रेचे मूळ, ते अशोकाचे सिंहशीर्ष, त्याच संग्रहालयात आहे. बायका दाराशी उभ्या. सर म्हणाले, "चूक माझी. वार बघायला हवा होता." दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खिशातून गाड्या करून त्यांनी सगळ्यांना परत नेले. मी त्या सहलीत होतो. हा माणूस या कामाचा आहे, हे मला तिथेच वाटले.

पुढची सहल मे २०२० ची, एकतीस जणांची. ती अर्थातच रद्द झाली. रेल्वेने रद्द गाड्यांचे पैसे परत दिले, पण बसवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम अडकली. सरांनी पतपेढीचे कर्ज काढून एकतीस घरांचे पैसे पोचते केले. त्याचे हप्ते वहिनींनी शिवणकाम करून भरले, हे इथे लिहिलेच पाहिजे. नवरा धाडस करतो तेव्हा घर कोण धरून ठेवते, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

नोकरी सांभाळून हे काम का नको, असे मीही विचारले होते. सरांचे उत्तर भूगोलाचे होते. शिक्षकाला सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात. मे मध्ये गयेला भट्टी असते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. म्हाताऱ्या माणसांना न्यायचे दिवस म्हणजे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्चची सुरुवात. तेव्हा शाळा भरलेली असते.

मग मी कारकुनाच्या कामाला लागलो. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्यात राजीनाम्याची रीत दिली आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने, दुसरी आपल्याजवळ. रागाच्या भरात मुख्याध्यापकांच्या टेबलावर चिठ्ठी फेकून येणारे मी पाहिलेत, पुढे त्यांचेच हाल होतात. ग्रॅच्युइटीही मागायला लावली. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना हा हक्क ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. संस्थेने आधी कानावर हात ठेवले, लेखी अर्ज गेल्यावर रक्कम निघाली. तीच सरांचे भांडवल.

धंद्याचेही कागद असतात. स्वतःच्या मोबाइलवरच्या रेल्वे खात्यातून घरच्यांची तिकिटे काढता येतात, पण तीच पैसे घेऊन लोकांना विकली तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपली कितीतरी मुले अजाणता हे करत असतात. सरांनी अधिकृत एजन्सी घेतली. जीएसटीचेही तसेच. समजा माणशी अठरा हजार, चाळीस माणसे. एका सहलीचे झाले सात लाख वीस हजार. वर्षात अशा तीन काढल्या की एकवीस लाख साठ हजार. नोंदणीची मर्यादा वीस लाखांची आणि ती उलाढालीवर, नफ्यावर नाही. सरांच्या हातात उरले असतील दीड-दोन लाख, पण कायद्याच्या दृष्टीने ते मोठे व्यापारी!

तिकीट आज कोणीही काढतो. सर विकतात ती माहिती. लुंबिनी नेपाळात, आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवे. आधार कार्ड चालते ते पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. निघण्याआधी दोन महिने सर एकेकाच्या घरी जाऊन हे कार्ड डोळ्यांनी बघतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणून पैसे कधी भरायचे ती तारीख लिहून देतात. डब्यात हजेरी घेतात, अगदी शाळेसारखी. सत्तरीच्या आजीबाई "हजर सर" म्हणतात.

सगळे गोड नाही. "आपलाच माणूस आहेस, कमी कर" म्हणणारे पुष्कळ. हेच लोक दुसऱ्या कंपनीकडे मुकाट्याने पूर्ण पैसे भरतात. उधारीवर जाऊन आलेले दोघे अजून तोंड चुकवतात. गेल्या वर्षी दोन महिने एकही सहल नव्हती, तेव्हा सरांनी संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. उद्या पुन्हा २०२० सारखे झाले तर काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. फक्त आगाऊ घेतलेले पैसे ते आता वेगळ्या खात्यात ठेवतात आणि निघेपर्यंत घरखर्चाला त्यातला रुपया काढत नाहीत.

आप्पा दीड वर्ष मुलाशी नीट बोलले नाहीत. लोकांना अजूनही "माझा मास्तर" असेच सांगतात. गेल्या महिन्यात फेब्रुवारीच्या सहलीची यादी माझ्याकडे होती. आप्पा आले, कोपरीच्या खिशातून नोटांची घडी काढली. म्हटले, आप्पा, मुलाकडेच द्या, तो तुमच्याकडून घेणार आहे का? म्हणाले, "म्हणून तर तुमच्याकडे आलो. सगळ्यांचे घेतो तेवढेच माझे लिहा. खालची बर्थ मिळाली तर बघा."

मी पैसे मोजून घेतले. ते जाईनात. विचारले, काय राहिले?

"पावती," आप्पा म्हणाले.