सहा आठवडे मोळी उचलायची नाही

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. नगद नारायण महाराजांचा नारायणगड, म्हणजे इथल्या माणसांची धाकटी पंढरी. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या मनोज जरांगे यांच्या दसरा मेळाव्यामुळे तो राज्यभर टीव्हीवर दिसला. मेळावा पांगला तरी या पट्ट्यातला दसरा तिथं संपत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोड्या बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, आणि घरी उरतात म्हातारी माणसं, जनावरं, शाळेतली नातवंडं. पेसमेकर लागतो तो बहुतांशी याच मागे उरलेल्यांना. हृदयाला ठोका देणारी नैसर्गिक विद्युतयंत्रणा वयानुसार झिजते, नाडी तीस-चाळीसवर येते, चक्कर येऊन माणूस पडतो. पेसमेकर आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बसतो आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना पाच लाखांच्या संरक्षणासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली. हे मोठंच काम झालं. पण सरकार यंत्राचे पैसे देतं आणि बरं होण्याचे देत नाही. त्यामुळे यंत्रावरचा खर्चही धोक्यात येतो.

शस्त्रक्रिया तशी लहान असते. गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, जागा बधिर करून दोन-तीन बोटांचा छेद घेतात, शिरेतून तार हृदयात सोडतात आणि कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र ठेवतात. दोन-तीन दिवसांत माणूस घरी. सगळी गोम आहे ती तारेच्या टोकाशी. हृदयाच्या स्नायूत रोवलेलं ते टोक पहिल्या दिवशी नुसतंच अडकलेलं असतं. भोवती पेशींचं जाळं धरून ते पक्कं व्हायला काही आठवडे जातात. म्हणून चार ते सहा आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, वजन उचलायचं नाही, झटका द्यायचा नाही. शंभरात एक ते तीन जणांची तार जागची हलते, आणि बहुतेक वेळा याच काळात. मग छेद पुन्हा उघडावा लागतो. एकदा उघडलेली जागा लवकरच दुसऱ्यांदा उघडली की जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी वाढतो. यंत्रापर्यंत संसर्ग पोचला तर औषधांनी सहसा भागत नाही; यंत्र आणि तारा सगळंच काढावं लागतं, आणि ते करणारी केंद्रं मोठ्या शहरांतच आहेत. सहा आठवड्यांचा विसावा किती रुपयांचा, हे या साखळीच्या शेवटच्या टोकाकडून मोजायला हवं.

आता घरी जाताना रुग्णाच्या हातात पडणारा कागद पाहू. त्यावर साधारणपणे ‘जड वस्तू उचलू नये’ असं असतं. शिरूर कासारच्या म्हातारीसाठी जड वस्तू म्हणजे काय? डोईवरचा हंडा तिच्या लेखी जड नसतोच, तो रोजचा असतो. वैरणीची पेंढी, शेणाची पाटी, आडातून शेंदायची बादली, म्हशीचा कासरा, सरपणाची मोळी ही तिची यादी, आणि यातली निम्मी कामं हात डोक्याच्या वर गेल्याशिवाय होत नाहीत. याउलट बसून भाकरी थापायला, हळूहळू चालायला, त्या हाताने जेवायला हरकत नसते. हेही कोणी सांगत नाही, म्हणून दुसऱ्या टोकाची माणसं हात गळ्यात बांधून दोन महिने बसतात आणि खांदा आखडून घेतात. भीतीचं तसंच. घरातल्या टीव्हीला, मिक्सरला घाबरायचं कारण नाही; मोबाईल मात्र कोपरीच्या त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही, दुसऱ्या कानाला लावायचा. शेतात रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून, वेल्डिंगच्या कामापासून लांबच राहायचं. जखमेला हळद लावायची नाही. लाली, ऊब, पू किंवा ताप दिसला की थेट दवाखाना. एवढं एका पानावर, गावच्या शब्दांत लिहायला पैसे लागत नाहीत.

पैसे लागतात ते पुढे. योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरचा दहा दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो. दहा दिवसांत टाके सुकतात, तार पक्की होत नाही. पुढची खरी तपासणी पहिल्या दोन-तीन महिन्यांत यायला हवी. सुरुवातीला खबरदारी म्हणून यंत्राचा विद्युतझटका जास्त ठेवतात. तार स्थिरावली की अनेक यंत्रांत तो डॉक्टर कमी करतात, त्यामुळे बॅटरी वाचते. ही एक फेरी चुकली तर आठ-दहा वर्षं चालायचं यंत्र आधीच दम टाकू शकतं. त्यासाठी प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर वाचणारं आणि त्याची मांडणी बदलणारं उपकरण, लागतो, आणि एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचत नाही. ही सोय असलेलं छत्रपती संभाजीनगर बीडपासून सव्वाशे किलोमीटरवर. मुलगा-सून फडावर असताना त्या म्हातारीला तिथवर नेणार कोण?

म्हणून यंत्राबरोबर सहा आठवड्यांच्या विसाव्याचा भत्ताही मिळायला हवा. त्यावर पहिला आक्षेप असा की हे रुग्ण साठीच्या पुढचे, कमावते नव्हेत, मग मजुरी बुडण्याचा प्रश्नच कुठे येतो? पगारपत्रकातून पाहिलं तर आक्षेप बरोबर आहे. पण ऊसतोडीचं अर्थशास्त्र मागच्या म्हाताऱ्यांवरच उभं आहे. आजी हंडा उचलते म्हणून सून कोयता उचलू शकते. आजी झोपली की सून फडावरून परत येते, किंवा नातीची शाळा सुटते. शिवाय साठीतली कित्येक माणसं अजून स्वतःच मजुरीला जातात. दुसरा आक्षेप, विसाव्याचे पैसे द्यायला लागलो तर तिजोरीला तळ उरेल का? आपण ते देतो आहोतच. पहिल्या बाळंतपणात मातृवंदना योजनेतून मिळणारे पाच हजार रुपये बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणूनच दिले जातात. क्षयरुग्णाला पोषणासाठी महिना पाचशे मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. या दोन्हींपुढे पेसमेकरचे रुग्ण मूठभर. तिसरा आक्षेप आधुनिक आहे: आता यंत्राची माहिती घरबसल्या डॉक्टरकडे जाते. जाते, आणि जिथं शक्य आहे तिथं ती सोय घ्यावीच. पण त्यासाठी तशी सोय असलेलं यंत्र, घरातलं जोडउपकरण किंवा स्मार्टफोन आणि टिकणारं नेटवर्क लागतं. शिवाय दुरून यंत्राची माहिती वाचता येते, बहुतेक यंत्रांची मांडणी बदलायला मात्र माणूस समोरच लागतो.

आजारपण न परवडण्याची किंमत बीडला ठाऊक असायला हवी. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे २०१९ साली आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तो प्रश्न नको त्या शस्त्रक्रियेचा होता, इथला प्रश्न हव्या त्या शस्त्रक्रियेचा आहे. दोन्हींत समान एवढंच की हंगामाला आजारपण परवडत नाही आणि टाके पडले की माणूस बरा झाला असं हिशेबात धरलं जातं.

मागणी फार मोठी नाही. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातला एक वार पेसमेकरचा ठरवावा. योजनेतून यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्या दिवशी आपापला प्रोग्रामर आणि तंत्रज्ञ पाठवावा, ही अट खरेदीच्या करारातच घालावी. आज बऱ्याच ठिकाणी तपासणीला कंपनीचाच माणूस असतो, त्यामुळे हे जगावेगळं नाही. रुग्णाच्या ओळखपत्रावरचं यंत्राचं नाव आणि बसवल्याची तारीख आशाताईच्या वहीतही उतरावी, सहा आठवडे तिने आठवड्याला एक चक्कर मारावी आणि त्या चकरेचं मानधन तिला मिळावं. आणि सहा आठवड्यांचा भत्ता दोन हप्त्यांत द्यावा, दुसरा पहिल्या तपासणीच्या टेबलावर, म्हणजे म्हातारी बीडपर्यंत यायचं भाडं काढू शकेल. वार ठरवताना तो बीडच्या आठवडी बाजाराचा ठेवावा. त्या दिवशी गावातून जीप निघतेच.