कागदाचीही उलटतपासणी करा!



हल्ली वाद पेटला की कोणीतरी मोबाइलवर जुन्या कागदाचा फोटो नाचवतो, "हा घ्या पुरावा!" समोरचा ओरडतो, "सगळं बनावट!" कागद दोघांनीही वाचलेला नसतो. मोडी लिपी येते कुणाला?

संभाजीराजांचंच पाहा. राजांना व्यसनी, बेताल ठरवणाऱ्या लिखाणात मल्हार रामराव चिटणीसांची बखर आघाडीवर. ती लिहिली गेली १८१० च्या सुमारास, म्हणजे राजांच्या हत्येला शंभराहून अधिक वर्षं उलटल्यावर. आणि लिहिणारा कोण? १६८१ साली कटाच्या आरोपावरून राजांनी ज्यांना देहदंड दिला, त्या बाळाजी आवजींचा वंशज! (खुद्द बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ मात्र स्वराज्याशी इमान राखून राहिला.) पुढे नाटककारांनी हाच रंग गडद केला, प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं दप्तरं धुंडाळून १९६० साली संभाजीराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं.

मग बखरी बाजूला ठेवा, समकालीन पत्रं तेवढी खरी, असं म्हणावं? तेही नाही. इंग्रज वखारवाल्यांची पत्रं अस्सल आहेत, तारीखवार आहेत. पण शिवाजी महाराज हयात असताना त्यांच्या मृत्यूच्या अफवा या पत्रांत अनेकदा आल्या आहेत. कागद अस्सल, मजकूर बाजारगप्पांचा! इतक्या वेळा, की १६८० साली महाराज खरोखरच गेले, तेव्हा इंग्रजांना ती खबर चटकन पटेना.

आणि "सगळं बनावट"वाल्यांनी महाराजांची जन्मतिथी आठवावी. बखरींच्या आधारे १६२७ साल रूढ होतं. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे घराण्याची शकावली, म्हणजे सालवार नोंदी, छापली, तीत निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १६३०. एकट्या शकावलीवर निकाल लागला नाही. कवी परमानंदाच्या 'शिवभारता'त तीच तिथी सापडली, जोधपूरकडच्या जन्मपत्रिकेनेही तीच सांगितली. असे वेगवेगळ्या ठिकाणचे साक्षीदार जुळले, तर विश्वास जरूर ठेवावा.

तेव्हा यापुढे कोणी कागद दाखवला, की लिहिणारा कोण, कधीचा, कुणाच्या पदरचा, हे तिथल्या तिथे विचारा. मूळ पानाचं छायाचित्र आणि शेजारी पूर्ण लिप्यंतर मागा. सोयीच्या दोन ओळी नकोत. तरुणांनो, मोडी शिका. आणि ज्यांच्या माळ्यावर अजून जुन्या कागदांचे रुमाल पडून आहेत, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा.