दरवाजा रुंद, जबाबदारी अरुंद

राज्य मंत्रिमंडळाने 20 मे 2025 रोजी मंजूर केलेल्या नव्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांची दखल घेतली गेली आणि सव्वा महिन्यातच, 25 जूनला, केंद्राने पुण्यात रामवाडीपर्यंत आलेली मेट्रो वाघोलीला नेण्यास मंजुरी दिली. या दोन बातम्यांची बेरीज बिल्डरांनी आपल्या सगळ्यांच्या आधी केली असणार. नगर रस्त्यावर ‘निवृत्तीनंतरचे निवांत आयुष्य’ विकणारे फलक लागायला आता वेळ लागणार नाही. हिरवळ, योगासनांचा कट्टा, पांढऱ्या केसांचे हसरे जोडपे असे सगळे त्यावर असेल. रात्री दोन वाजता न्हाणीघरात पडलेल्या आजोबांना उचलायला कोण येणार, हे मात्र नसेल. गृहनिर्माण खात्याने याचे उत्तर द्यावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. पण मग ते मागायचे तरी कोणत्या खात्याकडे?

स्थावर मालमत्ता व्यवहारांची राज्यातील नियामक संस्था असलेल्या ‘महारेरा’ने मे 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष बंधनकारक केले. दरवाजे किमान 900 मिलिमीटर रुंद हवेत, जिन्याला कठडे हवेत, एक तरी लिफ्ट स्ट्रेचर मावेल अशी हवी. उत्तम झाले. पण हे निकष ‘ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी लावून विकलेल्या प्रकल्पांपुरते आहेत. वाघोलीतली म्हातारी माणसे राहतात ती साध्या सोसायट्यांत. खराडीत नोकरी करणाऱ्या मुलाने कर्ज काढून घेतलेल्या टू बीएचकेत लातूर-नांदेडहून आलेले आईवडील राहतात. चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त होऊन, कोथरूड परवडत नाही म्हणून नगर रस्त्याला आलेला फिटर राहतो. तिथल्या कितीतरी लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा जात नाही. मग पेशंटला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे, घसरू नये म्हणून ओढणीने बांधायचे आणि एकाने मान सावरत, दोघांनी पाय धरत खाली आणायचे. हे दोघे म्हणजे बहुतेक वेळा वॉचमन आणि खालच्या मजल्यावरचा एखादा भला मुलगा. तोवर रुग्णवाहिका केसनंद फाट्याच्या कोंडीत अडकलेली असते. अशा पेशंटसाठी ‘महारेरा’चा तो कागद असून नसल्यासारखा.

समजा, पाटीवाला प्रकल्प घेतला. पुढे? रेरा हा बांधकामाचा आणि विक्रीचा कायदा. ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, हे खरे. पण जेवण, नर्स आणि मदतनीस यांच्यासाठी दरमहा घेतले जाणारे पैसे कोणी किती वाढवावेत आणि त्या बदल्यात काय द्यावे, यावर लक्ष ठेवणारा कोणी नाही. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या केंद्रीय कायद्याने परवाना लागतो. त्या वॉचमनचे प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणीही सक्तीची आहे. आणि फाटकाच्या आत, ज्या बाईच्या हाती आजीची औषधे, डायपर, अंघोळ आणि कपाटाच्या किल्ल्या आहेत, तिला पाठवणाऱ्या ब्युरोसाठी असा परवाना नाही. गाड्यांची राखण करणारा नोंदणीकृत आणि आईला कुशीवर वळवणारी कोण, कुठली, काय शिकलेली, याचा पत्ता नाही. त्या बाईचेही हाल वेगळे नाहीत. बारा तासांची पाळी, सुट्टीला पैसे कापले जाणार आणि कमिशन ब्युरोच्या खिशात. तिला शिकवायचे कोणी आणि तिच्या पगाराची हमी द्यायची कोणी, हा प्रश्न सुटल्याशिवाय म्हाताऱ्यांची निगा सुधारणार नाही. तो सोडून दरवाजाची रुंदी मोजत बसणे सोपे, म्हणून ते झाले.

पैशाचे गणित तर विचारूच नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके म्हणजे 30 लाख रुपये ठेवले, तर 8.2 टक्क्यांनी महिन्याला साडेवीस हजार मिळतात. चोवीस तासांची बाई ठेवायची तर त्यातून किराण्याला काही उरत नाही. आणि 30 लाख आहेत कोणाकडे? ईपीएस-95 या पेन्शन योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपयांवर थिजली आहे. आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 च्या कायद्याने घातलेली महिना 10,000 रुपयांची कमाल मर्यादा तेव्हापासून हललेली नाही. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचे वृद्धाश्रम उभारण्याची कल्पना आहे. पुण्याची भिस्त मात्र अजून नव्या पेठेतल्या ‘निवारा’सारख्या, एकोणिसाव्या शतकात दानातून उभ्या राहिलेल्या संस्थांवर. सरकारची उदारता दुसरीकडे वाहते. तीर्थदर्शनासाठी माणशी 30 हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी वयोश्री योजनेचे 3,000 रुपये, तेही एकदाच. तीर्थयात्रेला आमचा विरोध नाही. पण यात्रेहून परतल्यावर अंथरुणाला खिळलेल्याचे काय, हे निवडणुकीच्या वर्षात कोणाला सुचत नाही.

दोष सगळा सरकारच्या माथी मारून मध्यमवर्गाला मोकळे सोडता येणार नाही. मुलाच्या परदेशी शिक्षणाला आणि मुलीच्या लग्नाला फंड रिकामा करायचा, साठीतच राहते घर मुलाच्या नावे करून टाकायचे आणि ‘आमचे काय, आम्ही कसेही राहू’ म्हणायचे, ही आपली निवृत्ती-योजना. बक्षीसपत्रात ‘मी हयात असेपर्यंत सांभाळ करावा’ अशी एक अट घाला म्हटले की वकिलासमोरच घरातले वातावरण बिघडते. ती अट लिहिलेली असेल आणि पाळली गेली नाही, तर 2007 च्या त्याच कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. या तरतुदीचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलेही आहे. पण त्यासाठी सत्तरीच्या माणसाला प्रांताच्या कार्यालयात पोटच्या पोराविरुद्ध उभे राहावे लागते. बहुतेक जण ते टाळतात, आणि मुलांना ते ठाऊक असते.

पुन्हा वाघोली. 30 जून 2021 रोजी हे गाव महापालिकेत आले. तेव्हापासून वाघोलीकर पालिकेचा मिळकतकर भरतात, पाण्याचे टँकर स्वखर्चाने मागवतात आणि नगरसेवक निवडण्यासाठी त्यांना जानेवारी 2026 पर्यंत वाट पाहावी लागली, कारण तोवर निवडणूकच झाली नव्हती आणि मार्च 2022 पासून प्रशासकाचा कारभार होता. पूर्वी निदान सरपंचाच्या दारात जाता येत होते. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोंची नोंद, त्यांनी पाठवलेल्या बायकांची पोलीस पडताळणी आणि दरपत्रक यांसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. क्षेत्रीय कार्यालयात एक रजिस्टर ठेवून सुरुवात करता येते. मेट्रोच्या मार्गालगत बिल्डरांना जादा एफएसआय मिळेल, तेव्हा प्रत्येक मोठ्या प्रकल्पाकडून ज्येष्ठांच्या दिवसभराच्या देखभाल केंद्रासाठी तळमजल्यावरची जागा पालिकेने लेखी मागून घ्यावी. परवानगीचा शिक्का उमटण्याआधी घ्यावी. नंतर ती जागा शोरूमला गेलेली असेल.