गवयाचा देश

दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या मुलास त्याचे गाव विचारावे, तर तो चटकन 'दौंड' असे सांगतो. त्याचे आजोबा कदाचित रेल्वेच्या नोकरीसाठी फार दूरच्या प्रांतातून आलेले असतात. उलट, घोडनदीकाठच्या शिरुरास जन्मून सारा जन्म मुंबईत घालवलेला गृहस्थ स्वतःस शिरूरकरच म्हणवितो. दोघांपैकी चूक कोणाचीही नाही. मग मनुष्याचा देश कोणता? जेथे जन्म झाला तो, की जेथे जीव रमला तो?

बडे गुलाम अली खाँ यांचा जन्म 1902 साली पंजाबातील कसूर येथे झाला. पतियाळा घराण्याचे हे थोर गवई 'सबरंग' या नावाने ठुमऱ्या आणि बंदिशी रचीत. 1947 साली देशाची फाळणी झाली, कसूर पाकिस्तानात गेले व खाँसाहेबही तिकडेच राहिले. गाव तेच, बोली तीच. परंतु मुंबई-कलकत्त्याच्या ज्या श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, ते सीमेच्या अलीकडे राहिले. ज्याला कोणी हाकलून दिले नाही, त्याचा कसला वनवास, असे कोणी म्हणेल. पण ऐकणारे कान दुरावले की गवयाला आपले घरही परके होते.

अखेर ते परतले. मोरारजी देसाई यांच्या साहाय्याने 1957 च्या सुमारास त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले आणि मुंबईत त्यांनी बिऱ्हाड मांडले.

जो आपण होऊन तिकडे राहिला, त्याला पुन्हा जवळ का करावे, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच पोकळ नाही. देशाला सीमा असतात, त्यांचे कायदे पाळावेच लागतात. खाँसाहेबांनीही ते पाळूनच प्रवेश मिळविला. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याच्या मैफलीत दिवस कलताना मुलतानी गातात, भैरवीचा एक प्रकार सिंधभैरवी म्हणून ओळखला जातो. मुलतान आणि सिंध आज पाकिस्तानात आहेत. म्हणून हे राग आपण परके मानले काय? रागांना जी मोकळीक आपण न मागता दिली, ती गाणाऱ्यास मागितल्यावर दिली, यात उपकार कसला? लाभ तर आपलाच झाला. 1960 च्या 'मुघल-ए-आझम' या बोलपटामुळे, शास्त्रीय संगीत कधी न ऐकलेल्या खेडोपाडीच्या माणसांच्याही कानी तो आवाज पडला.

1962 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पुढे अर्धांगवायूने शरीर खिळले. तरी पुत्र मुनव्वर अली खाँ यांची साथ घेऊन ते गातच राहिले. 1968 साली हैदराबादेत त्यांचे निधन झाले. कसूरपासून इतक्या दूर, त्याच शहराच्या मातीत त्यांना विसावा मिळाला.