पेट्रोलचे बिल म्हणजे प्रवासाचा खर्च नव्हे

वैरागहून पुण्याला घरच्या गाडीने जायचे ठरले, की खर्चाचा अंदाज एकाच प्रश्नावर संपतो : पेट्रोल किती लागेल? मग भाड्याच्या गाडीवाल्याने त्याच्या जवळपास दुप्पट दर सांगितला, तर तो लुटतोय असे वाटते. त्या दरात चालकाचा पगार आणि मालकाचा नफा असतो हे खरे. पण टायर, ऑइल, सर्व्हिसिंग आणि गाडीची उतरणारी किंमतही असते. ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याला हे खर्च विसरून चालत नाही. घरच्या गाडीलाही ते चुकत नाहीत. फक्त त्यांचे बिल सहलीनंतर काही महिन्यांनी येते.

बार्शी-कुर्डुवाडी-टेंभुर्णीमार्गे जाणे-येणे आणि शहरातले फिरणे मिळून पाचशे किलोमीटर धरू. कंपनीने सांगितलेले 22चे मायलेज आणि लिटरला 105 रुपये मानले, तर पेट्रोल सुमारे 2400 रुपयांचे होते. पण तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने घेतलेल्या चाचणीचा. रस्त्यावर एसी चालू, डिकी भरलेली आणि काटा शंभराकडे असतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो. शिवाय आपल्या साखरपट्ट्याला हवेहवेसे वाटणारे इथेनॉल लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा देते, म्हणून 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मायलेज थोडे घटतेच. टाकी फुल्ल करून निघावे, पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसले ते पाहावे. खरे मायलेज कळते. ते 16 भरले, तर पेट्रोलच जवळजवळ 3300 रुपयांवर जाते. टायर, देखभाल आणि किमतीतली घट किलोमीटरमागे दोनच रुपये धरली, तरी आणखी हजार. त्यावर सरडेवाडी आणि पाटसचा टोल. मोहोळमार्गे गेल्यास वरवड्याचाही. 15 ऑगस्ट 2025 पासून टोलचा 200 फेऱ्यांचा वार्षिक पास मिळू लागला, तेव्हा तो 3000 रुपयांना होता, पण वर्षातून दोनदाच पुण्याला जाणाऱ्याला तो महागच पडेल.

यावर कोणी म्हणेल, गाडी दारात उभी असली तरी विमा आणि हप्ता भरावाच लागतो. मान्य, म्हणूनच ते दोन्ही वर धरलेले नाहीत. टायर मात्र धावल्यानेच झिजतात आणि जुनी गाडी घेणारा आधी किलोमीटरच विचारतो. दुसरा आक्षेप सोयीचा : रात्री-अपरात्री, आजारी माणसाला घेऊन एसटीची वाट कोण पाहणार? तोही रास्त आहे. पण सोयीची किंमत ठाऊक असावी. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. नवरा, बायको आणि पंचाहत्तरीपुढची आई या तिघांना मिळून दीड तिकीट पडते. तिथे गाडी खर्चात टिकत नाही. चौघे धट्टेकट्टे पुरुष निघाले, तर मात्र चार पूर्ण तिकिटांपुढे तिचा विचार करता येतो.

म्हणून निघण्यापूर्वी पेट्रोल, टोल आणि झीज अशा तीन ओळी मांडाव्यात आणि बेरजेला माणसांच्या संख्येने भागावे. वाटणीही त्याच बेरजेची व्हावी. सोबत आलेल्या पाहुण्यांनी पेट्रोल टाकले, की हिशेब मिटला असे दोन्ही बाजू मानतात. प्रत्यक्षात उरलेला भार गाडीमालक एकटाच उचलत असतो.