विजेचें त्रैराशिक

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. तान्ह्या नातवाची खोली उबदार राहावी म्हणून धाकट्या सूनबाईंनीं विजेची नवी शेगडी आणविली. तिचा जाड प्लग बोर्डावरील लहान सॉकेटांत बसेना, तेव्हां मध्यें अडॅप्टर घालून ती लावली. घटकाभरांत जळका वास सुटला. पाहतों तों सॉकेट वितळून काळें पडलेलें! ईश्वरकृपेनें तेवढ्यावरच निभावलें. "मामंजी, शेगडी तर कोरी करकरीत, मग बिघडलें काय?" असें सूनबाईंनीं विचारलें. शेगडी निर्दोष होती; चुकलें होतें तें गणित. तेंच आज वाचकांपुढें मांडतों.

विजेचा दाब व्होल्टांत मोजतात व प्रवाह अँपिअरांत. या दोन आंकड्यांवरून दोन गोष्टी निघतात. दाबास प्रवाहानें भागिलें असतां तारेचा रोध मिळतो. त्याचें परिमाण ओहम. दाबास प्रवाहानें गुणिलें असतां शक्ति मिळते; तिचें परिमाण वॉट. यांपैकीं रोधाचा नियम गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. हे गृहस्थ जर्मनींतील कोलोन येथें आमच्यासारखेच शाळामास्तर होते. स्वदेशीं त्यांची प्रथम उपेक्षाच झाली. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कॉप्ले पदक देऊन गौरविलें.

आतां आमची शेगडी घेऊं. तिच्यावर २००० वॉट असा आंकडा आहे, आणि आपल्या घरांतील दाब २३० व्होल्ट. २००० स २३० नें भागिलें कीं प्रवाह सुमारें ८.७ अँपिअर येतो. पुन्हां २३० स ८.७ नें भागिलें कीं शेगडीचा रोध सुमारें साडेसव्वीस ओहम येतो. लहान सॉकेट असतें ६ अँपिअरचें, म्हणजे फार तर १३८० वॉटचें. भार दीडपटीच्या जवळ गेला!

परंतु दीडपट भारानें सॉकेट वितळावें कां? कारण असें कीं, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. त्यांतून पिनेचा सांधा सैल असून तेथें अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला, तर ८.७ चा वर्ग गुणिलें अर्धा, म्हणजे जवळजवळ ३८ वॉट उष्णता त्या चिमुकल्या जागीं कोंडते. मग प्लॅस्टिक टिकेल कसें?

उपाय सोपा आहे. शेगडी, गीझर, इस्त्री अशा प्रत्येक तापणाऱ्या उपकरणावरील वॉटचा आंकडा २३० नें भागावा आणि उत्तर सॉकेटावरील आंकड्याशीं ताडून पाहावें. सहाच्या वर गेल्यास १६ अँपिअरचें मोठें सॉकेटच हवें. मात्र भिंतींतील तारही त्या भारास पुरेशी जाड असावी, आणि तें काम जाणत्या वायरमनकडूनच करवावें. पंखा, मिक्सर अशा फिरणाऱ्या यंत्रांस वरील गुणाकार तंतोतंत लागू पडत नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

दोष सूनबाईंचा नव्हे, आमचा. पस्तीस वर्षें आम्हीं परक्या मुलांस त्रैराशिक शिकविलें, पण स्वतःच्या भिंतीवरचें उदाहरण कधीं सोडविलें नाहीं. वाचकांनीं तरी येत्या रविवारीं मुलांना वही-पेन्सिल देऊन घरांतील सर्व उपकरणांची अशी यादी करावयास बसवावें.